डोक्याचं रेडिएशन आणि तो जाळीचा मास्क: डोकं हलू नये म्हणून काय काय करायचं

डोक्याला लाईट द्यायचीय म्हणून पेशंट आला (म्हणजे रेडिएशन, कुणी शेक म्हणतं, कुणी करंट म्हणतं) की नातेवाईकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "डोकं बांधून ठेवणार का हो?" आणि पेशंटचा दुसरा, तो जरा हळू आवाजात, "मी हललो तर काय होईल?" मी रेडिओथेरपी टेक्नॉलॉजिस्ट आहे, मोल्ड रूम (जिथे पेशंटच्या चेहऱ्यावर मापाचा जाळीचा मास्क घडवतात, त्यालाच मोल्ड म्हणतात) आणि मशीन दोन्हीकडे बरीच वर्षं काढलीत आणि हे दोन प्रश्न रोज ऐकतो, म्हणून म्हटलं एकदा सगळं बसून लिहूनच टाकावं. पेशंटच्या घरच्यांसाठी पण आहे आणि नवीन लागलेल्या पोरापोरींसाठी पण, ज्याला जे लागेल ते घ्या. गोळ्या-औषधांचं जिथे येईल तिथे शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा, माझा नाही.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. डोकं मास्क धरत नाही. डोकं धरते ती मानेखालची उशी आणि सैल सोडलेली मान. मास्क काय करतो, तर मोल्डच्या दिवशी तुम्ही जसे झोपला होतात तसेच आज झोपलाय का ते दाखवतो आणि थोडंफार हललात तर अडवतो, बास. त्या दिवशी तुम्ही दात आवळून, खांदे कानापर्यंत चढवून झोपला असाल तर मास्कही त्या आवळलेल्या माणसाचाच बनतो, मग पुढे रोज तेवढंच आवळून झोपायला लागणार आणि ते कुणाच्या बापाला जमत नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी भीती गेली, मान सैल पडली, की मास्क बसत नाही म्हणून सगळे मास्कलाच शिव्या घालतात. म्हणून खरी मेहनत पहिल्या दिवशी.

आता एवढं मिलिमीटर-मिलिमीटर कशाला करायचं? तर ग्लायोब्लास्टोमा नावाचा जो मेंदूचा ट्यूमर आहे त्याला साधारण 60 ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशन मोजायचं माप) डोस देतात, 30 भागांत, रोज 2 ग्रे, सोमवार ते शुक्रवार, म्हणजे सहा आठवडे. आणि त्याच डोक्यात डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात तो कायाझ्मा आहे, खाली ब्रेनस्टेम म्हणजे मेंदूचा देठ आहे, त्यांची मर्यादा 54 ग्रेच्या आसपास. म्हणजे ट्यूमरला जेवढं द्यायचं तेवढं शेजाऱ्याला चालत नाही, आणि शेजारी कधी कधी अगदी भिंतीला भिंत लावून असतो. किरण कुठे किती द्यायचे याचा प्लॅन करताना ट्यूमरच्या भोवती 3 ते 5 मिलिमीटरची मोकळीक धरलेली असते, ती आपल्या चुकांसाठीच, पण ती संपायला वेळ लागत नाही. डोकं फक्त 1 अंश फिरलं, डोळ्यांना दिसणार पण नाही एवढं, तरी फिरण्याच्या केंद्रापासून 10 सेंटिमीटर लांबची जागा पावणेदोन मिलिमीटर सरकते. हिशोब करून बघा.

पूर्वी यावर उपाय सरळ होता, स्क्रू. स्वीडनचे न्यूरोसर्जन लार्स लेक्सेल यांनी 1951 साली स्टिरिओटॅक्टिक रेडिओसर्जरीची (कवटी न उघडता नेमक्या जागी किरण मारायची) कल्पना मांडली, आणि 1968 मध्ये त्यासाठीचं मशीन, पहिली गॅमा नाईफ आली, त्यात धातूची चौकट कातडी बधिर करून चार पिनांनी कवटीला घट्ट बसवायची. अजूनही एका दिवसात संपणाऱ्या ट्रीटमेंटला काही ठिकाणी ती चौकट लावतात, आणि अचूकतेसाठी ती नावाजलेली आहे. पण तीस दिवस रोज कुणाच्या कवटीला पिना टोचणार? म्हणून आपला हा प्लॅस्टिकचा मास्क. त्याला बरेच जण कंपनीच्या नावावरून ऑर्फिटच म्हणतात, कंपनी कुठलीही असो, झेरॉक्ससारखं झालंय ते.

तर मोल्डच्या आदल्या दिवशी घरी काय करायचं. केस. केस हा विषय लोक फार हलक्यात घेतात. आमच्याकडे एक आजी आल्या होत्या, सत्तरीच्या, घट्ट अंबाडा, वर सुनेनं हौसेनं गजरा माळलेला. गजरा काढला, अंबाडा तसाच राहिला, मी घाईत होतो, बाहेर पाच पेशंट बसलेले. मास्क झकास बसला. ट्रीटमेंटच्या तिसऱ्या दिवशी आजी नहाण करून वेणी घालून आल्या, मास्क लावला तर कपाळावर ही फट, अख्खं बोट आत जातंय, आणि हनुवटीला मात्र मास्क टेकून दाबतोय. फोटो काढले तर डोकं मागे कललेलं. अंबाड्यानं डोकं मागून उचलून धरलं होतं आणि आता अंबाडा नव्हता! मी म्हटलं, आजी, परत तसाच अंबाडा घालता का, तर म्हणाल्या, "अरे बाळा, रोज तस्साच कसा येईल, तो काय साच्यातनं काढलाय?" बरोबर होतं त्यांचं, साचा आमचा होता आणि चूक पण आमचीच, म्हणजे माझी. परत मोल्ड, परत सिटी स्कॅन, परत प्लॅन, आजींचे दोन दिवस वाया गेले. तेव्हापासून मोल्डच्या टेबलवर चढायच्या आधी मी स्वतः मागून हात फिरवून बघतो, अंबाडा, वेणीची गाठ, क्लिप, रबर, काही नको. केस मोकळे सोडून वरच्या बाजूला, टाळूकडे घ्यायचे, मानेखाली काही राहता कामा नये. केस कापायचेच असतील तर मोल्डच्या आधी कापा, नंतर नको. तसेही डोक्याच्या लाईटला दोन-तीन आठवड्यांत जिथून किरण जातात तिथले केस गळायला लागतात, म्हणून बरेच जण आधीच बारीक करून येतात, ते सोयीचं पडतं.

दाढीचं पण तेच. मोल्डला दाढी ठेवून आलात तर ठेवा, काढून आलात तर रोज काढा. मध्येच बदल नको. तेल चोपडून येऊ नका, डोकं उशीवर घसरतं आणि मास्कला चिकट थर बसतो. चमकी, नथ, कुड्या, मंगळसूत्र, गळ्यातली साखळी सगळं काढायचं, कारण सिटीत धातू चमकतो आणि मास्कखाली टोचतं पण. चमकी वर्षानुवर्षं निघालेली नसते, ती घरीच सोनाराकडून काढून आणा, आमच्या इथे पक्कड घेऊन बसायची वेळ येऊ देऊ नका. कवळी असेल तर विचारा काढायची का ठेवायची, बहुतेक ठिकाणी काढायला सांगतात, आणि जे ठरेल तेच शेवटपर्यंत. कवळी काढली की गाल आत जातात, जबडा वर येतो, चेहराच वेगळा होतो हो.

आता मोल्ड रूम. टेबलवर कार्बन फायबरची बेसप्लेट असते, ती टेबलला खाचांमध्ये अडकवतात म्हणजे रोज एकाच जागी बसते. तिच्यावर मानेची उशी, हेडरेस्ट. ए, बी, सी अशा एफपर्यंत वेगवेगळ्या उंचीच्या मिळतात. ब्रेनला आम्ही बहुतेक वेळा अशी निवडतो की कपाळ आणि हनुवटी साधारण एका पातळीत राहतील, मान ना मागे पडलेली ना छातीकडे वाकलेली. नवीन पोरांना सांगतो, निवडताना मानेच्या मागे हात घाला. मान आणि उशी यांच्यामध्ये पोकळी लागली तर ती उशी चुकीची, मग भले पेशंट "ठीकाय ठीकाय" म्हणू दे. पेशंट सगळ्यालाच ठीकाय म्हणतात, मोठ्या दवाखान्यात आलेत, कशाला वाद घाला म्हणून. वयस्कर माणसं, पाठीला बाक आलेली, त्यांना तयार उशी बसतच नाही, तिथे व्हॅक्यूमची गादी (हवा ओढून घेतली की अंगाच्या आकारात कडक होते ती) किंवा त्यांच्या मापाची उशी करून घ्यावी, हाताला येईल ते टॉवेल कोंबू नये. टॉवेल रोज वेगळा दबतो.

गुडघ्यांखाली आधार द्या. याचा डोक्याशी काय संबंध असं वाटेल, पण पाय सरळ ठेवले की कंबर दुखते, कंबर दुखली की माणूस सरकतो, आणि सरकला की आधी डोकंच खाली ओढलं जातं. पाय एकावर एक टाकू द्यायचे नाहीत, तेवढ्यानं पण कंबर फिरते. हात पोटावर किंवा अंगाजवळ, खांदे खाली. मी पेशंटला म्हणतो, "दोन्ही हातांत बाजाराच्या पिशव्या आहेत असं समजा," लगेच खांदे उतरतात. मग भिंतीवरच्या लेझरच्या रेषेत नाक, हनुवटी आणि गळ्याखालची खळगी एका ओळीत येतायत का बघायचं. येत नसतील तर डोकं धरून फिरवू नका, आधी कंबर बघा, नव्वद टक्के वेळा माणूस खालून वाकडा असतो.

मग बोलायचं. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात जास्त गाळलं जातं. पाण्यातून काढलेली गरम ओली जाळी तोंडावर येणार हे आधी सांगितलं नाही तर माणूस दचकतोच, तुम्ही-आम्ही पण दचकू. मी मास्कच्या शीटचा तुकडा हातात देतो, गार असताना कशी कडक असते ते बघा म्हणतो, मग म्हणतो, "गरम पाण्यात पिळलेला टॉवेल तोंडावर ठेवल्यासारखं वाटेल, नाकातून श्वास चालूच राहणार, जाळीला भोकं आहेत, डोळे हलके मिटा, ओठ मिटा, दात आवळू नका, जीभ सैल, आणि हसू नका." हसू नका म्हटलं की निम्मे लोक हसतात. हसू द्या, होऊन जाऊ द्या, मग एक मोठा श्वास घेऊन सोडायला सांगा आणि सोडल्यानंतर जो चेहरा असतो तो पकडा.

शीटचं म्हणाल तर ते पॉलीकॅप्रोलॅक्टोन म्हणून प्लॅस्टिक असतं, 60 अंशांच्या आसपास मऊ पडतं. वॉटर बाथ, म्हणजे गरम पाण्याची टाकी, 65 ते 70 अंशांवर ठेवतात, दोन-तीन मिनिटांत पांढरी शीट पारदर्शक व्हायला लागते. सगळीकडून सारखी झाली की बाहेर. पाणी निथळू द्या, टॉवेलवर टिपा, आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघा, खरंच बघा, कारण कडेच्या जाड फ्रेममध्ये आणि भोकांमध्ये गरम पाणी अडकून राहतं आणि ते थेंब कानात गेले की पेशंट पुढचा महिना तुमच्यावर विश्वास ठेवणार नाही. मग दोघांनी दोन बाजूंनी धरून सारखं खाली ओढायचं आणि क्लिपा लावून टाकायच्या, आधी क्लिपा, घडवणं नंतर. नुसत्या डोक्याच्या मास्कला बहुधा तीन जागी पकड असते, खांद्यापर्यंतचा असेल तर पाच. ब्रेनला तीनचा पुरतो.

इथून तुमच्याकडे मिनिटभराचा वेळ. नाकाचं मूळ, दोन डोळ्यांच्या मधली खाच, तिथे बोटानं हलकं दाबून आकार घ्या. मग कपाळ, गालाची हाडं, हनुवटी, हनुवटीच्या खालून पण. हाडावर दाबा, मांसावर नाही. गाल काय, आज फुगलेत उद्या उतरतील, नाकाचं हाड तसंच राहतं. डोळ्यांवर दाब नाही म्हणजे नाही. आणि एकदा आकार घेतला की हात बाजूला! नवीन पोरं सारखी थोपटत बसतात, भाकरी थापल्यासारखी, मग कडक होताना बोटांचे ठसे उठतात आणि जाळी त्या जागी पातळ होते. जास्त ओढली तरी पातळ होते, पातळ झालेला मास्क दिसायला चेहऱ्याला चिकटलेला सुंदर दिसतो पण धरत काही नाही, वाकतो.

गार व्हायला निदान दहा मिनिटं. यात घाई नको, वरून ओला फडका टाकून एका बाजूनं लवकर गार केला तर एका बाजूनं आकसतो. हे प्लॅस्टिक गार होताना थोडं आकसतंच, म्हणून मास्क थोडा घट्ट वाटणं चालतं, पण पापण्या उघडत नसतील, ओठ चेपले असतील, श्वासाला त्रास होत असेल तर ते घट्ट नाही, चुकलेलं आहे. या दहा मिनिटांत पेशंटला एकटं सोडू नका, हात धरून उभं राहा, किती मिनिटं झाली ते सांगत राहा. मग मास्कवर नाव, रजिस्ट्रेशन नंबर, हेडरेस्टचं अक्षर लिहायचं. अक्षर लिहायला विसरलात तर मशीनवरचा माणूस अंदाजानं उशी घालणार, आणि सगळ्या मेहनतीवर पाणी.

सिटी त्याच स्थितीत होते, एक ते तीन मिलिमीटरच्या चकत्या, मास्कवर चिकटपट्टी लावून तिच्यावर लेझरच्या जागी छोटे धातूचे मणी आणि पेनानं खुणा. पेशंटला यात काही करायचं नसतं. फक्त त्या पट्ट्या कुणी हौसेनं उचकटू नयेत.

मोल्ड आणि पहिली लाईट यांच्यामध्ये प्लॅन तयार व्हायला काही दिवस जातात, ते दिवस घरी सरावासाठी वापरा. पलंगावर नको, गादी दबते. सतरंजी टाकून जमिनीवर उताणं झोपायचं, मानेखाली गुंडाळलेला टॉवेल (इथे टॉवेल चालतो), गुडघ्यांखाली लोड. तोंडावर पातळ ओला नॅपकिन टाकायचा, नाक मोकळं दिसेल असा. घरातल्या कुणीतरी शेजारी बसून घड्याळ लावायचं, पहिल्या दिवशी दोन मिनिटं, मग पाच, मग पंधरा. नाकानं श्वास, सोडताना थोडा लांब. गिळावंसं वाटलं तर गिळा, गिळल्यानं आभाळ कोसळत नाही, पण बोलणं आणि मान डोलावणं बंद. आमच्या एका काकांनी मनातल्या मनात रामरक्षा म्हणायची ठरवली, पूर्ण व्हायच्या आत मशीन थांबायचं तर बाहेर आल्यावर खुर्चीत बसून उरलेली पुरी करायचे मग उठायचे. एक बाई पुरणपोळीची सगळी कृती डोक्यात करायच्या, डाळ भिजत घालण्यापासून. मनातल्या मनात काहीही चालेल, फक्त ओठ हलवून पुटपुटायचं नाही, जबडा हलतो.

ट्रीटमेंटच्या दिवशी टेबलवर एकूण दहा-पंधरा मिनिटं जातात, त्यातली प्रत्यक्ष लाईट दोन ते पाच मिनिटं. बाकी वेळ लावण्यात आणि तपासण्यात. मास्क लावला की मी बोट फिरवून बघतो, नाकाच्या मुळाशी टेकलाय का, कपाळाला फट आहे का, हनुवटी आत नीट बसलीय का. पेशंटला विचारतो, "कालच्यासारखंच वाटतंय ना?" हे यंत्रापेक्षा आधी पेशंटला कळतं, खरं सांगतो, दहा दिवस झाले की त्यांना मास्क आमच्यापेक्षा जास्त माहीत असतो. एकजण म्हणाला डावा कान दुमडलाय, बघितलं तर खरंच दुमडला होता. तेव्हा लाजू नका, सांगा. मग मशीन भोवती फिरून सिटीसारखे फोटो घेतं, ते पहिल्या सिटीवर ठेवून बघतात आणि जेवढा फरक असेल तेवढं टेबल सरकवतात, नव्या टेबलांत कलंडलेपणा पण दुरुस्त होतो. फरक जास्त आला तर टेबल सरकवून भागवू नये, मास्क काढून पेशंटला बसवून परत झोपवावं. वेळ जातो, बाहेर ओरड होते, होऊ द्या.

लाईट चालू असताना खोलीत पेशंट एकटा. नातेवाईकांना आत थांबू देत नाहीत यावर रोज कुणाचा तरी वाद होतो, पण आम्ही स्वतः पण थांबत नाही हो, नियमच आहे. कॅमेऱ्यातून सतत बघत असतो, आवाज ऐकू येतो. ठरवून घ्यायची एकच खूण, हात वर. खोकला येतोय, उलटी होतेय, घुसमटतंय, हात वर करा, आम्ही बीम (किरण) थांबवतो आणि आत येतो, आणि जिथे थांबलो तिथूनच पुढे चालू करता येतं, काही वाया जात नाही. डोकं हलवून खुणा करू नका, हात वर. आणि क्लिपा दोन सेकंदांत निघतात, पहिल्या दिवशी मी त्या पेशंटसमोर दोनदा लावून काढून दाखवतो, भीती निम्मी तिथेच उतरते.

उरलेल्या भीतीचं काय? काही माणसांना बंद जागेची खरीच भीती असते, लिफ्टमध्ये न जाणारी, त्यांना "घाबरायचं काय त्यात" म्हणून उपयोग नाही, उलट जास्त घाबरतात. मोल्डच्या आधीच सांगून ठेवा. डोळ्यांच्या जागी किंवा तोंडाच्या जागी जाळी कापून देता येते, पण डॉक्टर आणि फिजिसिस्ट (डोसचा हिशोब बघणारे) यांना विचारून आणि सिटीच्या आधी, नंतर कात्री लावली तर मास्कची पकड बदलते. चेहरा पूर्ण उघडा ठेवणारे मास्क पण मिळतात, त्यात कॅमेरे चेहऱ्याची हालचाल टिपत राहतात, अर्थात ती सोय सगळीकडे नाही. डॉक्टर कधी भीती कमी व्हायला अर्धी गोळी देतात आधी घ्यायला, ती घेतलीत तर एकट्यानं मोटारसायकलवर यायचं नाही.

फिटची गोळी सकाळची चुकवू नका. मशीनवर फिट आली तर तोंडावर अडकवलेला मास्क त्या क्षणी अडचण होतो. "लाईट आहे म्हणून उपाशी आलो" असं बरेच जण सांगतात, भूल नसेल तर उपाशी राहायची गरज नाही, तासभर आधी हलकं काहीतरी खा, पोहे, इडली, पोटभर मटण-भाकरी नको. आडवं झोपलं की डोकं जास्त दुखतं, मळमळतं असं असेल तर ते सहन करून गप्प पडू नका, ते मेंदूवरच्या सुजेमुळे असू शकतं आणि त्याला औषध असतं. सर्दी झाली, नाक चोंदलं, तर आल्या आल्या सांगा, वाफ घेऊन या.

आणि सुजेचंच औषध मास्कचा सगळ्यात मोठा शत्रू. डेक्सामेथासोन नावाचं स्टिरॉइड बऱ्याच जणांना चालू असतं, भूक वाढते, दोन-तीन आठवड्यांत गाल गोल व्हायला लागतात, मास्क आवळतो, चेहऱ्यावर जाळीची नक्षी तास उलटला तरी जात नाही. अर्धा-एक तासात जाणारी नक्षी सगळ्यांनाच उमटते, तिची काळजी नको. उलट बाजूनं, जेवण जात नसेल तर चेहरा उतरतो आणि मास्क ढिला. थोडा फरक असेल तर फ्रेम आणि बेसप्लेट यांच्यामध्ये एक-दोन मिलिमीटरच्या पट्ट्या घालून काढून जमवतात. जास्त असेल तर नवीन मास्क आणि नवीन सिटी, दुसरा रस्ता नाही. स्टिरॉइड स्वतःच्या मनानं कमी करायला मात्र जाऊ नका, "गाल सुजले म्हणून बंद केली" म्हणणारे भेटलेत मला, दोन दिवसांनी डोकं धरून इमर्जन्सीत आलेले.

लहान मुलांचं वेगळं लिहायला पाहिजे खरं तर. तीन-चार वर्षांच्या आतल्यांना बहुतेक रोज भूल द्यावी लागते, मग उपाशी ठेवण्याच्या वेळा भूलतज्ज्ञ सांगतील त्या मिनिटावर पाळायच्या, बिस्किटाचा तुकडासुद्धा नाही. सहा-सातच्या पुढची बरीच मुलं न झोपवता जमवतात, पण आधी दोन-तीन दिवस नुसतं खेळायला आणा. बाहुलीला मास्क करा, बाबांच्या हाताचा मोल्ड करा, गरम शीटला बोट लावू द्या. मास्क रंगवून दिला की तो त्यांचा होतो, वाघ, माकड, काय वाटेल ते. एका मुलीनं मास्कवर टिकली लावायला सांगितली, लावली, खुणेच्या पट्टीपासून लांब. आई दाराबाहेर माईकवरून गोष्ट सांगायची, आणि पोरगी हलली की गोष्ट थांबायची. एवढा कडक नियम आमच्या खात्यात दुसरा नाही.

कोबाल्टच्या मशीनवर असाल (आपल्या बीएआरसीनं, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्रानं बनवलेलं भाभाट्रॉन बऱ्याच ठिकाणी आहे) तर एक लक्षात ठेवा, कोबाल्ट-60 ची ताकद 5.27 वर्षांनी निम्मी होते, म्हणजे सोर्स (मशीनमधला किरण देणारा कोबाल्ट) तेवढा जुना असेल तर तेवढ्याच डोसला दुप्पट वेळ पडून राहायला लागतं. घरचा सराव त्या हिशोबानं करा, विचारून घ्या किती मिनिटं लागतात.

मास्क ट्रीटमेंट संपेपर्यंत आमच्याकडेच असतो, घरी न्यायचा नसतो. शेवटच्या दिवशी काही जण मागून नेतात, कुणी आठवण म्हणून, कुणी फोडायला. एका पेशंटनं नेला आणि मे महिन्याच्या उन्हात गाडीच्या मागच्या काचेपाशी ठेवून जेवायला गेले. महिन्यानं फॉलोअपला आले तर हसत हसत मोबाईलवर फोटो दाखवला, मास्क बसकण मारून पसरलेला, नाक पार आत गेलेलं, आणि त्यांचा नातू शेजारी उभा. म्हणे तेव्हापासून घरात त्यांना "नकटे आजोबा" म्हणतात.